उलट्या दाराची कॅरॅव्हॅन

मी एक जुनी कॅरॅव्हॅन आहे. मोटारीच्या मागे जोडून ओढून नेतात ते चाकांवरचं घर. जन्म माझा जर्मनीतला, पण संसार सगळा इंग्लंडात झाला, तोही गाड्यांतून गावोगाव फिरणाऱ्या रोमनी लोकांत. मित्रांनो, आज तुम्ही मला पाहाल तर नाक मुरडाल. एका चाकात हवा नाही, चकचकीत पट्ट्यांना गंज चढलाय, छतावर शेवाळ आलंय. मुरडा नाक. तुमच्या वयाची असताना मला बघायला लोक घोडे थांबवत होते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं तुम्हांला कळायचं नाही. आमच्या लोकांत माणूस मेलं की त्याचं घर जाळतात. मेलेल्याच्या ताटलीत कुणी जेवत नाही, त्याच्या बिछान्यावर कुणी निजत नाही. ज्या गाडीत त्यानं शेवटचा श्वास सोडला ती गाडी पडद्यांसकट पेटवून देतात. तो त्या माणसाचा मान. आणि गाडीचाही मान, असं मी म्हणते. भंगारवाल्याच्या दारात सडण्यापेक्षा धनिणीच्या मागून आगीत जाणं केव्हाही बरं. मी जन्मभर त्या मानाची वाट पाहिली. तो मला मिळाला नाही.

माझी धनीण मिझेली. अंगानं काडी, जिभेनं कुऱ्हाड. तिचा नवरा गेला तेव्हा त्यांची जुनी गाडी रीतीप्रमाणे जाळली, आणि ती मुलगा नेल्सनला घेऊन नवं घर घ्यायला हल शहराबाहेरच्या एका विक्रेत्याकडे आली. तिथं आम्ही दोघी शेजारी शेजारी उभ्या होतो. मी जर्मन, आणि माझ्या उजव्या हाताला एक नवी कोरी इंग्लिश.

खरं सांगायचं तर दिसायला ती इंग्लिशच बरी होती. समोर ही मोठी खिडकी, आत केक भाजायची भट्टी, वजनाला हलकी. नेल्सनचं मन तिच्यावरच गेलं. शिवाय तिचं दार डावीकडे, म्हणजे फुटपाथाच्या अंगाला. माझं दार उजवीकडे. जर्मनीत ते बरोबर, तिथं गाड्या उजव्या हातानं चालतात. इंग्लंडात मात्र माझ्या दारातून पाय बाहेर टाकला की तो थेट रस्त्यात. नेल्सन आईला म्हणाला, ह्या गाडीचं दारच उलटं आहे, उतरलीस की लॉरीखाली जाशील.

"मी उतरले की लॉरी थांबेल," मिझेली म्हणाली.

मग तिनं दोन्ही गाड्यांची परीक्षा केली. तिची परीक्षा एकच. कोपऱ्यातल्या भिंतीवर अंगठा ठेवायचा आणि सगळा जोर लावायचा. माझ्या कोपऱ्यावर तिचा अंगठा पांढरा पडला, मी तसूभर आत गेले नाही. इंग्लिश गाडीही तेव्हा नवी होती, तीही हलली नाही. मिझेलीनं पत्र्याच्या सांध्यावरून नख फिरवलं आणि म्हणाली, ही आज ठीक आहे, पण पाणी इथून शिरणार, आणि आतलं लाकूड पाण्याला नाही म्हणत नसतं.

तेवढ्यात विक्रेत्यानं त्या इंग्लिश गाडीचं मागचं अरुंद दार उघडलं. देवघर उघडावं तशा कौतुकानं उघडलं. आत संडास होता. गाडीतल्या गाडीत, शेगडीपासून हातभर अंतरावर. पावसात बाहेर जायला नको, बाईसाहेब, असं तो म्हणाला.

मिझेलीनं तोंडाला पदर नव्हता म्हणून रुमाल लावला.

"कुत्रंसुद्धा खातं तिथं बसत नाही रे," ती त्याला म्हणाली. "तू ही वस्तू माणसांना विकतोस?"

आमच्यात एक शब्द आहे, मोकाडी. मोकाडी म्हणजे ओवळं. पण ओवळं आंघोळीनं फिटतं, मोकाडी कशानंच फिटत नाही. ज्या तसराळ्यात भांडी धुतली त्यात हात धुवायचे नाहीत. हात धुतले तर ते तसराळं फेकायचं. मग शिजवायच्या छताखाली संडास म्हणजे काय, ते तुम्हीच समजा. माझ्यात संडास नव्हता. मला घडवणारे जर्मन धंद्याला हुशार. रोमनी बायकांना काय चालतं नि काय चालत नाही ते त्यांनी आधी विचारून घेतलं आणि मग मला घडवलं. मिझेली माझ्या आत आली, चारी बाजूंना वास घेतला आणि नेल्सनला म्हणाली, ही जोड.

तेव्हापासून मी तिची.

काय दिवस होते ते! लिंकनशरच्या शेतांवर डॅफोडिल तोडायला जायचं, मग मटाराला, मग सफरचंदांना. जूनमध्ये ॲपलबीची जत्रा. तिथं नदीत घोडे धुतात आणि काठावर बायका आपापल्या गाड्या धुतात. मिझेली माझ्या पट्ट्या व्हिनेगर आणि वर्तमानपत्रानं घासायची. वर्तमानपत्राचा तिला दुसरा काही उपयोग नव्हता, शाळेत ती जेमतेम एक हिवाळा गेली होती. माझ्या काचेत लोक टोप्या नीट करून घ्यायचे. एकदा एका बाईनं विचारलं, मावशी, दार उलटं असून तुम्ही ही कशी घेतली? मिझेली म्हणाली, "दार उलटं नाही गं, तुमचा देश उलटा आहे." बाई दिवसभर हसत सगळ्यांना सांगत फिरली.

हाल झाले नाहीत असं नाही. कुठं चार दिवस टेकलं की पोलीस यायचे, आणि उकळता चहा ओतून निघावं लागायचं. पण मी कधी गळले नाही. यॉर्कजवळच्या तळावर आम्हांला कायमची जागा मिळाली तेव्हा मिझेलीनं मला रांगेच्या अगदी टोकाला लावून घेतलं. उजवीकडे दुसरी गाडी नाही, दारासमोर मोकळं कुरण आणि घोडे. उलट्या दाराचा हा फायदा, ती म्हणायची.

मग सिन्फीचं लग्न झालं. सिन्फी म्हणजे नेल्सनची लेक, मिझेलीच्या मांडीवर वाढलेली. रूबेन नावाच्या मुलाशी तिचं जमलं. दोघांनी नवा संसार मांडायला गाडी आणली ती इंग्लिश. सुट्टीत समुद्रावर जाणाऱ्या, पक्क्या घरांत राहणाऱ्या कुणा लोकांची जुनी. रूबेनची व्हॅन लहान, माझ्यासारखी जड गाडी तिला ओढवली नसती. सिन्फीला भट्टी हवी होती, आणि उद्या लेकरं झाली तर ती रस्त्यात उतरू नयेत म्हणून दार डावीकडे हवं होतं. दोन्ही गोष्टी शहाणपणाच्या. पण गाडीत संडास होता.

आणि रूबेननं ती गाडी आणून लावली कुठं, तर माझ्या उजवीकडे. माझं दार उजवीकडे, तिचं डावीकडे. दारासमोर दार आलं. मिझेलीचे घोडे दिसेनासे झाले.

"उठल्यासुटल्या संडासाचं दर्शन," ती म्हणाली. "म्हातारपणी हेच पाहायचं राहिलं होतं."

सिन्फीनं सांगून पाहिलं की आम्ही तो वापरत नाही, त्यात बादल्या आणि झाडू ठेवतो. मिझेली म्हणाली, तुरुंगात कांदे ठेवले म्हणून त्याचं कोठार होत नाही. त्या गाडीत ती पाऊल टाकेना. सिन्फी चहा घेऊन माझ्या पायरीवर यायची, तर म्हातारी तिचा कप न घेता आतून स्वतःचा आणायची. पोरीच्या डोळ्यांत पाणी यायचं. म्हातारी ते बघायची आणि न बघितल्यासारखं करायची. मी त्या इंग्लिशकडे बघून मनात हसायचे. काय करणार, जशी धनीण तशी गाडी.

एप्रिलमध्ये सिन्फीला मुलगी झाली. कीझी नाव ठेवलं. त्याच हिवाळ्यात इंग्लिश गाडीच्या सांध्यांतून पाणी शिरलं. आधी कोपऱ्यात डाग, मग कागद फुगला, मग वास. रूबेननं बाहेरून काय काय चोपडलं, पण आतलं लाकूड कुजून गेलं होतं. कीझी खोकायला लागली. एवढंसं पोर, पण खोकला असा की ऐकणाऱ्याच्या छातीत दुखावं. डॉक्टर म्हणाले, ह्या ओलीतून मुलीला बाहेर काढा. काढून न्यायचं कुठं? होतं नव्हतं ते दोघांनी त्या गाडीत घातलं होतं.

मिझेलीनं एक आठवडा पोरीला माझ्यात आणून निजवलं. खोकला थांबला. तेव्हाच म्हातारीच्या पोटात काहीतरी वाईट वाढतंय हे कळलं. शहरातल्या डॉक्टरांनी मान हलवली. दवाखान्यात मरणार नाही, असं तिनं सांगून टाकलं, आणि सगळ्यांना उमगलं की ती माझ्यात मरणार.

नेल्सन दुसऱ्या तळावर राहत होता, तो बायकामुलांना घेऊन आला. चांगला मुलगा तो, आईवर जीव. पण रीतीचा पक्का. एका सकाळी तो माझ्याभोवती हिंडत होता. मला ओढून कुरणाच्या कुठल्या कोपऱ्यात न्यावं, म्हणजे दुसऱ्या गाड्यांना झळ लागणार नाही, ते तो डोळ्यांनी बघत होता. मला अभिमान वाटला, मित्रांनो. मी ताठ उभी राहिले. पण मिझेलीही खिडकीतून तेच बघत होती, आणि तिच्या मांडीवर कीझी झोपली होती, खोकल्याशिवाय.

त्या दिवशी तिनं पोरीला मांडीवरून खाली ठेवलं नाही.

आता हे नीट ऐका. रीत मोडणारी बाई नव्हती ती. माझं घर जाळू नका, असं ती कधीच म्हणाली नसती. ते म्हणणं म्हणजे आपल्या नवऱ्याला, आईला, सगळ्या गेलेल्यांना खाली पाहायला लावणं. पण आमच्यात दुसरीही एक रीत आहे. सौदा हातावर टाळी देऊन होतो. घोडा असो, कुत्रा असो, गाडी असो, एकदा टाळी बसली की बसली. ती परत घेता येत नाही, आणि दोघांचा सौदा चालू असताना तिसऱ्यानं तोंड घालायचं नाही, मग तो सख्खा मुलगा का असेना.

रविवारी तळावरची सगळी माणसं चहाला जमली होती. मिझेली शाल गुंडाळून माझ्या पायरीवर येऊन बसली आणि तिनं सिन्फीला हाक मारली. जवळ बोलावलं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुझी गाडी विकायचीय का?"

सिन्फीला काही कळेना. आजी, ती कुजलीय, असं ती म्हणाली.

"गिऱ्हाइकाला माल कुजकाय सांगतेस? कुणी शिकवला तुला धंदा?" लोक हसले. "माझी जर्मन घे, तुझी इंग्लिश दे. वर काही मागू नकोस, मिळणार नाही."

हसू थांबलं. नेल्सन पुढं आला. "आई, काय पोरखेळ लावलायस?"

"सौदा चाललाय. गप बस."

तो गप बसला. बसावंच लागलं. म्हातारीनं हात पुढं केला. सिन्फीनं तो हात पाहिला आणि मग तिला सगळं समजलं. ती मान हलवायला लागली, नको आजी, नको म्हणायला लागली. मिझेलीनं पुढं केलेला हात खाली घेतला नाही.

"अगं, हात दुखतोय माझा," ती हळूच म्हणाली. "टाळी दे."

सिन्फीनं टाळी दिली. केवढा आवाज झाला म्हणून सांगू! कुरणातल्या घोड्यांनी कान टवकारले.

नेल्सननं टोपी काढली. तो म्हणाला, म्हणजे आता मी आईला त्या संडासाच्या डब्यात जाळू?

"मला नाही रे मेल्या, डब्याला. मला पुरायचंय."

कुणाला हसावं की रडावं ते कळेना. मिझेली उठली. तिनं आपल्या निळ्या-सोनेरी काठाच्या ताटल्या घेतल्या, नवऱ्याचं घड्याळ घेतलं आणि माझ्या पायरीवरून उतरून समोरच्या पायरीवर चढली. मध्ये अंतर ते किती! पण ते चालायला तिला किती वेळ लागला ते मी पाहिलं. आल्या दिवसापासून ज्या दारात तिनं पाय ठेवला नव्हता त्यातून ती आत गेली. एकदाही वळून पाहिलं नाही. मला राग आला. एवढ्या वर्षांची मी, आणि शेवटी मला टाकून कुणाकडे गेली, तर ह्या कुजक्या खोक्याकडे!

आत जाऊन तिनं पहिली गोष्ट काय केली असेल, तर कोपऱ्यातल्या भिंतीवर अंगठा दाबला. अंगठा आत रुतला. म्हातारी हसली. "ओली आहे गं," ती समोरून सिन्फीला म्हणाली. "नेल्सनला पेटवताना घाम फुटेल."

संडासाच्या दारावर तिनं रूबेनकडून फळी ठोकून घेतली. पण फळी ठोकली म्हणून मनातली मोकाडी जाते का? जेवताना ती त्या बाजूला पाठ करायची. ताटली हातात धरायची आणि बराच वेळ घास उचलायची नाही. बाहेर जायचं झालं की सिन्फीच्या खांद्यावर हात टाकून, गारठ्यात, अंगणापलीकडच्या संडासापर्यंत जायची. पाय ओढत जायची, पण जायची. त्या गाडीतली एकच गोष्ट तिनं कबूल केली. पडल्या पडल्या समोरच्या मोठ्या खिडकीतून आभाळ दिसायचं. खिडकी बरी आहे मेलीची, असं ती म्हणाली.

मार्च महिना होता. सगळे सांगत होते, दार लावा, वारा येतो. ती लावू देईना. तिचं दार उघडं, समोर माझं दार उघडं, आणि माझ्या उंबऱ्यात कीझी बसायची. पायरीवरून खाली यायला बघायची, सिन्फी तिला फ्रॉकला धरून मागं ओढायची. म्हातारी बिछान्यातून ते बघत राहायची. नेल्सन तिच्या उशाशी होता. एकदा तिनं त्याला बोटानं माझं दार दाखवलं.

"उलटं म्हणाला होतास ना?" ती म्हणाली. "बघ, कुठं उघडतंय."

त्यानंतर ती थोडेच दिवस होती. एका सकाळी सिन्फी चहा घेऊन गेली आणि कप हातात घेऊन तशीच दारात उभी राहिली.

मातीला पाच परगण्यांतून माणसं आली. दुपारी परत आल्यावर नेल्सननं ती इंग्लिश गाडी कुरणाच्या कोपऱ्यात ओढत नेली. माझ्यासाठी पाहून ठेवलेल्या त्याच जागी. ताटल्या फोडल्या, घड्याळ आत ठेवलं आणि काडी लावली. पेटेना. लाकूड ओलं, नुसता धूर. नेल्सनच्या कपाळावरून घाम वाहत होता, आणि डोळ्यांतून काय वाहत होतं ते धुरामुळं आहे असं सगळ्यांनी मानलं. मग एकदम भडकली. मोठी खिडकी तडकली, पत्रा दुधासारखा ओघळला. आम्ही दोघींनी जिला हिणवलं त्या गाडीला माझ्या धनिणीचा मान मिळाला. मी दार उघडं टाकून बघत उभी होते. माझ्या आत कीझी झोपली होती. ती खोकली नाही.

तेव्हा माझा राग गेला. जळायचा मान तिनं त्या कुजक्या गाडीला दिला, आणि पोरगी माझ्या हवाली केली. विश्वास कुणावर टाकला, ते मला कळलं. कळलं म्हणून दुःख कमी झालं असं मात्र म्हणू नका. अजून वाटतं, तिनं एकदा वळून बघायला हवं होतं.

पुढं बरीच वर्षं सिन्फीचा संसार माझ्यात झाला. कीझी माझ्यात चालायला शिकली, माझ्या पट्ट्या तिनंही व्हिनेगरनं घासल्या. आमच्यात मेलेल्याचं नाव घेत नाहीत. पणजी कोण म्हणून विचारलं की कीझीला माझ्या दारासमोरची मोकळी जागा बोटानं दाखवायचे. त्या जागेवर पुन्हा कुणी गाडी लावली नाही. कीझी मोठी झाली, लग्न होऊन तिच्या माणसांत गेली. सिन्फीच्या गुडघ्यांना पायरी झेपेना, म्हणून तळाच्या कडेला तिला विटांचं छोटं घर मिळालं. ती मला विकत नाही, आणि आताशा माझ्याकडे येतही नाही. गेलेल्या माणसाचं नाव माणसांनी घ्यायचं नसतं, मी तर गाडी आहे. वारा सुटला की मीच घेते. मिझेली.

मित्रांनो, तुमच्याही घरामागे, गोठ्यात, अंगणात असं काहीतरी जुनं उभं असेल. जर्मन की इंग्लिश, महाग की स्वस्त, हे त्याला विचारू नका. त्यानं कुणाला कोरडं ठेवलं ते विचारा. माझं म्हणाल तर मला रंग नको, नवं चाक नको, ॲपलबीला नेऊन मिरवू नका. फक्त माझ्या दाराच्या बिजागऱ्या गंजून घट्ट बसल्यात, तिथं कुणीतरी थोडं तेल सोडा. दार उघडलं की समोर तिची जागा दिसते. तिथलं गवत आता चांगलं वाढलंय, घोडे येऊन चरतात म्हणे. मला ते एकदा बघायचंय.